४ तास ३७ मिनिटं

मागच्या महिन्यात महापेच्या डेटा सेंटरमध्ये माझी रात्रपाळी होती. आमच्याकडून रोज रात्री व्हर्जिनियाला बॅकअप जातो. लाइन १० गिगाबिटची आणि कॉपी चालली होती जेमतेम ८०० मेगाबिटने. पहाटे संपायचं काम दुपारपर्यंत लोंबकळायचं. तीन रात्री केबल, ऑप्टिक, स्विचचे काउंटर तपासून झाले. कुठेच काही नाही.

चौथ्या रात्री पाठवणाऱ्या मशीनच्याच वेगाचा आलेख उघडला. करवतीचे दात! हळूहळू चढ, एकदम निम्म्यावर, पुन्हा तोच चढ. मशीन जुनं, त्यात टीसीपीची, म्हणजे डेटा पॅकेटं करून इंटरनेटवर पाठवायच्या नियमांची, जुनी रेनो पद्धत. एक पॅकेट हरवलं की खिडकी, म्हणजे पोच यायच्या आधी वाटेत सोडायच्या पॅकेटांची संख्या, निम्मी करायची. मग दर फेरीला, म्हणजे पॅकेट जाऊन पोच परत आली की, एकच पॅकेट वाढवायचं.

वहीत हिशोब मांडला. जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद. १० गिगाबिटची लाइन भरलेली ठेवायची तर दीड हजार बाइटची १,६६,६६७ पॅकेटं एका वेळी वाटेत हवीत. एक गळलं की उरली ८३,३३३. दर फेरीला एक असं चढत परत वर यायला ४ तास ३७ मिनिटं. आणि आमच्याकडे दर अर्ध्या तासाला एखादं गळतच होतं. मशीन वर पोचणार कधी?

तरी त्या मशीनला मी नावं ठेवणार नाही. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. अंतर किती, तर ४०० यार्ड. जो तो हरवलेलं पुन्हापुन्हा पाठवत होता आणि कोंडी वाढवत होता. त्यानंतर त्याच प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला मागे सरायला शिकवलं. आज इंटरनेट चालतंय ते या मागे सरण्यावर, असं मी मनापासून मानते.

आम्ही सॉफ्टवेअर अपडेट करून रेनोच्या जागी क्यूबिक ही टीसीपीची नवी पद्धत लावली. लिनक्समध्ये २००६ पासून तेच मूळचं असतं. पॅकेट हरवल्यावर ते ७० टक्क्यांवर येतं आणि पुढची वाढ फेऱ्यांवर नाही, घड्याळावर मोजतं. आमच्या आकड्यांवर जुन्या पातळीला यायला ५० सेकंद! पहाटे चारला बॅकअप संपला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम, मग बीबीआरच लावा ना, अजून पळेल." मी नको म्हटलं. गूगलने २०१६ मध्ये आणलेली ही पद्धत पॅकेट गळायची वाट बघत नाही, लाइन किती वाहते ते मोजून पाठवते. कल्पना सुंदर आहे. पण वाटेतला बफर, म्हणजे राउटरमधली पॅकेटं थांबायची जागा, लहान असला की तिची पहिली आवृत्ती गळतीकडे बघत नाही आणि शेजारची क्यूबिकवाली कनेक्शनं आक्रसत जातात. त्या लाइनवर बाकीच्या टीमचंही काम चालतं. आमचा बॅकअप अर्धा तास आधी संपावा म्हणून त्यांचं का अडवायचं?

मी कळव्याच्या चाळीत वाढले. नळावर नियम होता: एका वेळी एक हंडा, मग मागे जाऊन उभं राहायचं. पिंप भरणाऱ्या काकूंनाही तोच आणि तांब्या घेऊन आलेल्या आजींनाही तोच. माझी आई तिथे उभी राहून तो पाळायला लावायची. लांबच्या लाइनवर अशी आई नसते. बहुतेक राउटर आधी आलेलं आधी सोडतात, त्यामुळे कुणाला किती मिळेल ते पाठवणाऱ्याच्या समजूतदारपणावर ठरतं.

ऐरोलीच्या घरी मात्र मीच नळावर उभी आहे. मुलाने व्हिडिओ अपलोडला लावला की सासूबाईंचा सांगलीचा व्हिडिओ कॉल गोठायचा, पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन-येऊन लागणारा वेळ, ७०० मिलिसेकंदांवर जायचा. राउटरवर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत लावली आणि अपलोड ४० ऐवजी ३८ मेगाबिटवर बांधला, म्हणजे रांग इंटरनेट कंपनीच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागते. तिथे प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग, आणि पाळीपाळीने एकेक हंडा. पिंग आता २५ च्या आसपास असतो. मुलाच्या व्हिडिओला मिनिटभर जास्त लागतं, आणि सासूबाई वन्संशी तासभर बोलतात.