ट्रकची पावती, बैलगाडीचं वजन

गळीत हंगाम ऐन भरात, रात्रीचा दीड वाजलेला. काट्यावर ऊस भरलेला ट्रक. इंडिकेटरवर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्यावर, लाल आकड्यांत २४३८० आणि मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये २४३८ किलो. मी नेटवर्कची वायर हलवून बघत होतो. काट्यावरचे कारकून मागून म्हणाले, "साहेब, आपला काटा धा-धा किलोनं चढतोय. शेवटाला आठ येतंयच कसं?"

हे मला सुचायला हवं होतं. शेवटचं शून्य गळलं होतं.

इंडिकेटर ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) सतत आठ-आठ बाइट, म्हणजे आठ-आठ अक्षरं, पाठवतो: सुरुवातीची खूण, सहा आकडे, शेवटची खूण. मधला कन्व्हर्टर ते टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवर डेटा नेण्याच्या पद्धतीने, पुढे ढकलतो. ते वाचणारा माझा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, जेमतेम साठ ओळींचा. सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडा, कनेक्ट करा, रिसीव्ह करा, आकडे उचला. ऑफिसात १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवर, नकली इंडिकेटर लावून तपासला, तेव्हा एकदाही चुकला नव्हता. एकाच मशीनवर एका सेंडमध्ये टाकलेले आठ बाइट बहुतेक वेळा एकत्रच हाती पडतात. पण टीसीपी फक्त बाइटांचा क्रम सांभाळतो, निरोप कुठे संपला ते त्याला ठाऊक नसतं. कॉलेजात इको क्लायंटचं (पाठवलं तेच परत मिळवायचं) प्रॅक्टिकलही एकाच मशीनवर उरकतात, आणि 'एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह' हे डोक्यात घट्ट बसतं. अकरा वर्षं नोकरी करून माझ्याही डोक्यातून ते गेलं नव्हतं.

९६०० बॉडला एक बाइट यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. नऊ दिवसांपूर्वी जुना कन्व्हर्टर जळाला म्हणून नवा बसवला होता. तो पाच-सहा मिलिसेकंदांत जमेल तेवढं पाठवून मोकळा होई. त्यामुळे कधी सहा बाइट आधी आणि दोन मागून येत. पहिल्या तुकड्यात सुरुवातीची खूण आणि ०२४३८ एवढंच आलं, त्याचं वजन २४३८ झालं. उरलेल्या शून्याला माझा प्रोग्राम रिकामा काटा समजून सोडून देत होता.

फोनवर आमच्या टीम लीडने सल्ला दिला, "रिसीव्हच्या आधी शंभर मिलिसेकंदांचा स्लीप टाक आणि झोप." असल्या स्लीपांवर, म्हणजे प्रोग्रामला नुसतं थांबवून ठेवण्यावर, आमची अर्धी प्रॉडक्ट्स उभी आहेत. मी टाकला नाही. येतील ते बाइट बफरमध्ये साठवायचे, दोन्ही खुणा आणि मध्ये नेमके सहा आकडे सापडले तरच वजन मानायचं, सलग तीनदा तेच आलं तर पावती. रिसीव्हने शून्य दिलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय असं समजून पुन्हा जोडायचं. तीन वाजता गाड्या सरकू लागल्या.

सकाळी जुन्या नोंदी चाळल्या. शून्याने न संपणारं वजन एकही सापडलं नाही. बरं वाटलं, पण घटकाभरच. आकडा विचित्र दिसला की बाकीच्या पाळ्यांतले लोक इंडिकेटरकडे बघून हाताने वजन टाकत होते. तशी सोय मीच ठेवली होती. नऊ दिवसांत अशा ४१ पावत्या, आणि तक्रार एकही नाही. काटामारीच्या संशयाने इथे शेतकरी आधीच धास्तावलेला असतो. इंडिकेटरला मागचं काही आठवत नाही, आणि मी कच्चे बाइट कुठेच लिहून ठेवत नव्हतो.

रात्री तो ट्रकवाला पावती खिशात घालताना म्हणाला होता, "आता बरोबर हाय न्हवं?" मी हो म्हणालो. त्याच्यापुरतं ते खरं होतं.