मध्य युरोपची रोड ट्रिप: प्लॅन बसवताना काय काय कापलं

युरोपात गाडी घेऊन फिरायचं असं घरात ठरलं आणि फॅमिली ग्रुपवर लगेच याद्या सुरू झाल्या. नवऱ्याला बुडापेस्ट, मला प्राग, लेकाला कुठलाही किल्ला चालेल पण तोफ पाहिजे, सासूबाईंना "ते तळ्याकाठचं गाव" म्हणजे ऑस्ट्रियातलं हॉलस्टाट, आणि नणंद स्वतः येणार नव्हती तरी तिचं एकच, स्वित्झर्लंड नाही तर मग युरोप कसलं. मी सगळं मॅपवर टाकलं, म्युनिक, झुरिक, स्लोव्हेनियातलं लेक ब्लेड, बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग, परत म्युनिक. मॅपवर एकदम मस्त दिसतं हो. बहुतेक टप्पे तीन तास, चार तास, म्हटलं पुणे-कोल्हापूरच की.

हा प्लॅन मोडला तो अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे कागदावर आलेली वेळ त्यांना पटतच नाही. फुलस्केप घेतला, रकाने आखले, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मुक्काम. मग मला विचारतात, बॅगा खाली आणायच्या, गाडीत बसवायच्या, वाटेत दोनदा थांबायचं, पोचल्यावर पार्किंग शोधायचं, किल्ली घ्यायची आणि हिच्या गुडघ्यांनी दोन मजले चढायचे, हा वेळ तुझ्या गूगलने कुठे धरलाय? साल्झबर्ग ते व्हिएन्ना तीनशे किमीच्या आत आहे, गूगल तीन तास म्हणतं, अप्पांच्या कागदावर दुपारचा चहा होईपर्यंत आख्खा दिवस गेला. आणि ते बरोबर होतं. मुक्काम बदलला की दिवस गेलाच समजायचा, त्या दिवशी बघणं-बिघणं काही धरायचं नाही. त्यांचा नियम असा की एक दिवस गाडीचा तर पुढचे दोन पायांचे, आणि ह्या हिशोबात शहरं मोजायचीच नाहीत, रात्री मोजायच्या.

रात्री मोजायला लागलो आणि कापाकापी आपोआप झाली. स्वित्झर्लंड पहिलं गेलं, तिथे हायवेसाठी थेट वर्षाचाच टोल स्टिकर घ्यावा लागतो, ४० फ्रँक, दोन दिवसांसाठी कोण भरणार (नणंद अजून बोलते ह्यावर). ब्लेड सुंदर असेल पण ते कोपऱ्यात पडतं. बुडापेस्टवरून मात्र घरात खरंच वाजलं. नवऱ्याचं म्हणणं म्युनिकला गाडी घेऊ, बुडापेस्टला सोडू, तिथूनच विमान. पण दुसऱ्या देशात गाडी सोडायची तर जो वनवे चार्ज सांगितला तो जवळपास गाडीच्या भाड्याएवढा होता, मग तो स्वतःच गप्प झाला. ठरलं की गोलच फिरायचं: म्युनिक, मग साल्झबर्गच्या पुढे वोल्फगांगझे तळ्याकाठी, मग व्हिएन्ना, मग चेकमधलं चेस्की क्रुमलोव्ह, प्राग आणि परत म्युनिक.

रात्रींचा हिशोब व्हिसालाही लागतो बरं का. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्यासाठी जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखेच असतील तर जिथून आधी शिरणार तो देश. आम्ही उतरणार म्युनिकला पण रात्री सगळ्यात जास्त ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो झालीये, वर सेंटरचा चार्ज वेगळा, इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे-जूनच्या अपॉइंटमेंटसाठी सगळा महाराष्ट्रच रांगेत असतो, त्यामुळे आम्ही थंडीतच उरकलं. बुकिंग्ज सगळी फ्री कॅन्सलेशनवाली घेतली होती. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढलं, फी १,००० रुपये, वर्षभर चालतं, पण मूळ लायसन्स सोबत लागतंच.

आता तारखा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात म्हणून आम्ही मे-अखेर ते जूनचा दुसरा आठवडा पकडला, २०२५ ची गोष्ट आहे ही. जुलै-ऑगस्टच्या गर्दीतून सुटलो, पण मेच्या शेवटापासून तिकडचे सण लागतात. त्या वर्षी २९ मे आणि मग ९ जूनचा व्हिट मंडे, जर्मनी-ऑस्ट्रियात दोन्हीला सुट्टी म्हणजे दुकानं बंद, रविवारी तर तिकडे बंद असतातच. शिवाय बव्हेरियाच्या शाळांना १० जूनपासून सुट्टी, म्हणजे आधीच्या शनिवारी आख्खं म्युनिक गाडी काढून दक्षिणेला निघणार. चेकमध्ये व्हिट मंडेची सुट्टी नसते. म्हणून तो वीकेंड मुद्दाम प्रागमध्ये बसवला आणि गाडीचा एकही दिवस शनिवारी ठेवला नाही. माझ्या मते आख्ख्या प्लॅनमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच, आणि ती माझी होती, अप्पांची नाही, हे नोंदवून ठेवते.

गाडी बुक करताना पाच माणसं म्हणजे पाच सीट असं धरू नका, बॅगा कुठे जाणार? स्टेशन वॅगन घेतली, ऑटोमॅटिक, ती वेगळी निवडावी लागते आणि महाग पडते, पण डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि उजव्या हाताला गिअर हे सगळं एकदम शिकायची हौस कुणालाच नव्हती. कुठल्या कुठल्या देशात नेणार ते बुकिंगलाच लेखी सांगायचं, काही कंपन्या भारीतल्या गाड्या पूर्वेकडच्या देशांत नेऊच देत नाहीत. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. आणि गाडी पहिल्या दिवशी एअरपोर्टवर घेतलीच नाही, म्युनिक सोडायच्या सकाळी घेतली, झोप न झालेल्या माणसाला ऑटोबानवर कशाला सोडायचं.

टोल म्हणजे तिकडे व्हिन्येट, ठरावीक मुदतीचा टोल पास. जर्मनीत कारला काहीच नाही, ऑस्ट्रियात १० दिवसांचं २०२५ ला १२.४० युरो होतं, चेकमध्ये २०२१ पासून स्टिकर बंदच, सगळं ऑनलाइन. ऑनलाइन घेतलेलं नंबर प्लेटवर असतं आणि भाड्याच्या गाडीचा नंबर तर किल्ली हातात येईपर्यंत कळत नाही! म्हणून पार्किंगमध्येच उभं राहून, मी नंबर वाचतेय, लेक परत वाचतोय, नवरा टाइप करतोय, एक अक्षर चुकलं तर दंड. सरकारी साइटवरूनच घ्या, सर्च केलं की वर मधल्यांच्या साइट येतात आणि त्या वरचे पैसे लावतात. गाडीवर आधीच चालू व्हिन्येट आहे का तेही काउंटरवर विचारायचं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता, तूप. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मटणाबिटणाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत, म्हणजे घरचं साजूक तूप गेलं, पेढे गेले. मेतकूट, पोहे, डाळ-तांदळाचं खिचडीचं मिश्रण मात्र सोबत नेलं. तिथे सुपरमार्केटमध्ये बुटरश्माल्झ नावाचा डबा मिळतो, कढवलेलं लोणीच ते. त्यांनी झाकण उघडून आधी वास घेतला, मग बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, म्हणाल्या, "रवाळ नाहीये, पण खिचडीला चालेल." राहायला सगळीकडे किचनवाली घरंच घेतली होती त्यामुळे जेवणाचा प्रश्न तिथेच मिटला.

हॉलस्टाटला आत गाडी सोडत नाहीत आणि बाहेरचं पार्किंग सकाळीच भरतं, त्यामुळे मुक्काम वोल्फगांगझेहून हलवला नाही आणि तिथूनच नऊच्या आत जाऊन पोचलो, जेवणाच्या वेळेला परत. व्हिएन्नात २०२२ पासून जवळजवळ सगळ्या शहरात सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १० रस्त्यावर दोनच तास गाडी लावता येते, म्हणून ती पार्क अँड राइडला, म्हणजे मेट्रो स्टेशनजवळच्या पार्किंगला ठेवली आणि मेट्रोने फिरलो. नवऱ्याला तेव्हा सुचलं की इथून ब्रातिस्लाव्हा ट्रेनने तासाभरावर आहे, तेवढ्यावर बुडापेस्टची भूक भागवली त्याने. पेट्रोल भरायचं तर ऑस्ट्रियात दुपारी १२ च्या आधी, तेव्हाच्या नियमाने पंपांना दिवसातून एकदाच, बारालाच, भाव वाढवता यायचा.

प्राग ते म्युनिक पावणेचारशे-चारशे किमी, आठवड्याच्या मधल्या वारी निघालो, मध्ये रेगेन्सबर्गला जेवण. शेंगेन आहे म्हणून बॉर्डरवर कुणी विचारत नाही असं समजू नका, जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी लावलीये. पासपोर्ट डिकीतल्या तळाच्या बॅगेत टाकू नका, पुढेच हाताशी ठेवा.