तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंड एक होणार का?

बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये राहते म्हटलं की पुण्याच्या मावशीपासून लंडनच्या मराठी मंडळींपर्यंत सगळे हेच विचारतात, "काय गं, ब्रेक्झिट झालं, आता दोन्ही आयर्लंड एक होणार ना?" माझं उत्तर: इतक्यात नाही. पण त्याचं कारण डोकी मोजून सापडत नाही.

डोकी मोजायचीच तर 2021 च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे 45.7 टक्के निघाले आणि प्रोटेस्टंट 43.5. शंभर वर्षांपूर्वी फाळणीत सहा काउंट्या वेगळ्या काढल्या त्या प्रोटेस्टंट बहुमत टिकावं म्हणून, तेव्हा बातमी मोठीच. पण कॅथलिक म्हणजे एकीकरणवाला असं इथं कुणी गृहीत धरत नाही. 2022 च्या इथल्या विधानसभा निवडणुकीत एकीकरणवादी शिन फेनला 27 जागा मिळाल्या, ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणाऱ्या डीयूपीला 25. मी बघते त्या अलायन्स पक्षाच्या 17 जागा, कारण हा पक्ष या प्रश्नावर बाजूच घेत नाही. कौल लागायचा तो अशा मतदारांच्या हातून लागेल.

आता कायदा. इथला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर झालेला कायदा म्हणतो, एकीकरणाला बहुमत मिळेलसं दिसलं तर ब्रिटिश सरकारच्या उत्तर आयर्लंड मंत्र्यानं जनमत घ्यायलाच हवं. दिसलं म्हणजे कशात? चाचण्यांत, निवडणुकांत, जनगणनेत? लिहिलेलं नाही. निकष जाहीर करा म्हणून कोर्टात दाद मागून झाली, कोर्टानं सरकारवर तशी सक्ती केली नाही. साधं बहुमत पुरतं, दक्षिणेची, म्हणजे स्वतंत्र आयर्लंड देशाचीही संमती लागते, आणि कौल विरोधात गेला तर पुढची सात वर्षं पुन्हा मतदान घेता येत नाही.

ब्रेक्झिटनं आगीत तेल ओतलं हे खरं. 2016 मध्ये इथल्या 55.8 टक्के लोकांनी युरोपियन युनियनमध्ये राहायचं म्हटलं होतं, तरी बाहेर पडावं लागलं. दक्षिणेला लागून असलेली सुमारे 500 किलोमीटरची सीमा उघडी ठेवायची म्हणून ब्रिटनच्या बाकी भागातून येणाऱ्या मालाची तपासणी बंदरांवर आली. 2023 च्या विंडसर फ्रेमवर्क या ब्रिटन-युरोपियन युनियन करारानं ती बरीच सैल केली, पण आपल्याच देशातून येणाऱ्या मालाला कागद दाखवायचे हे युनियनवाद्यांच्या, म्हणजे ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणाऱ्यांच्या जिव्हारी लागलंय, आणि मला त्यांचा राग समजतो. उलट बाजूला, एक झालात तर अख्खं बेट युरोपियन युनियनमध्ये, असं युरोपियन कौन्सिलनं 2017 मध्येच सांगून ठेवलंय. (उघडी सीमा माझ्यासाठी तितकी उघडी नाही. भारतीय पासपोर्टवर डब्लिनच्या गाडीत बसायचं तर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो.)

मग अडतं कुठं? मत नक्की कशाला द्यायचं, तिथं. इथं डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत, दक्षिणेत अनेकांना पडतात. एक झाल्यावर काय? स्टॉरमाँटची, म्हणजे इथली विधानसभा राहणार का? झेंडा कुठला? इथं जन्मलेल्यांचा ब्रिटिश नागरिकत्वाचा हक्क करारानं तेवढा कायम ठेवलाय, बाकी सगळं कोरं.

आपल्याकडे 16 जानेवारी 1967 ला गोव्यात कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन्ही गोष्टी लोकांना समोर दिसत होत्या, तरी फरक पडला 34,021 मतांचाच. इथंही 1998 मध्ये मतदानाआधी कराराची प्रत घरोघर पोचवली होती, आणि 71 टक्क्यांनी होकार दिला. 2016 ला मतपत्रिकेवर होता राहायचं की जायचं एवढाच प्रश्न. जायचं म्हणजे कसं, यावर पुढची तीन-साडेतीन वर्षं वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत हाणामारी चालली. तसलं मतदान या बेटावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मसुदा, मग तारीख.

डब्लिन सरकारनं 2020 मध्ये 'शेअर्ड आयलंड' उपक्रम काढला. त्यातून सीमेवरचा पूल, रेल्वे, विद्यापीठांचं संशोधन यांना पैसा मिळतो, आणि कामं चांगली आहेत. एकीकरणाचा मसुदा लिहिणं मात्र त्या कामांत धरलेलं नाही.