न तपासलेला आवाज

परवा एका संग्राहकाने नुकताच विकत घेतलेला कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक माझ्याकडे दुरुस्तीला आणला. विक्रीच्या जाहिरातीत निळ्या स्क्रीनचा फोटो होता, त्यावर ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ ही ओळ स्वच्छ दिसत होती आणि खाली लिहिले होते, ‘आवाज तपासलेला नाही.’ हे यंत्र सुरू व्हायला आवाजाची चिप लागतच नाही. तिचे सॉकेट रिकामे असले तरी तीच ओळ उमटते. तो फोटो खोटा नव्हता, पण आवाजाबद्दल तो काहीच सांगत नाही, हे विकणाऱ्यांना पुरते ठाऊक असते.

बॉब यानेस यांनी रचलेली ६५८१ ही तीन स्वरांची चिप, जिला आम्ही ‘सिड’ म्हणतो, १९८२ सालच्या या यंत्राचा प्राण आहे. तिचे उत्पादन केव्हाच थांबले, त्यामुळे भलत्याच चिपचा माथा घासून त्यावर ६५८१ छापण्याचा धंदा चालतो. या यंत्रातल्या चिपला वीज देणाऱ्या अठ्ठाविसाव्या पिनवर १२ व्होल्ट व्यवस्थित येत होते, आवाज बाहेर सोडणाऱ्या सत्ताविसाव्या पिनवरून मात्र काहीच बाहेर पडत नव्हते. चिप काढून तिच्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर छापील आकडे कापसावर उतरले आणि खाली घासल्याचे बारीक, समांतर ओरखडे दिसले.

सॉकेटचे डाग पाहण्यासाठी बोर्ड उचलला, तेव्हा खाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली : ‘सिड निकामी. काढली. सॉकेट रिकामे.’ दोन वर्षांपूर्वी आधीच्या मालकाने हेच यंत्र माझ्याकडे आणले होते आणि मी त्यांना हे तोंडीही सांगितले होते.

मी त्यांना फोन केला. ती चिप आपण पैसे मोजूनच घेतली होती, असे ते म्हणाले, मग थोडे थांबून म्हणाले, “आणि तपासले होते तुम्ही, मी नव्हे.” चिपच्या बाबतीत तेही फसले असतील, हे मी मान्य करतो. पण नवी चिप बसवल्यावर एकदा तरी आवाज ऐकून पाहिल्यावाचून कोणी राहत नाही, आणि तो आला नाही हे कळल्यावर ‘तपासलेला नाही’ असे लिहिणे ही माझ्या मते सरळसरळ फसवणूकच आहे. तरी त्यांचे ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण माझी नोंद मीच कोणाला दिसणार नाही अशा जागी ठेवली होती.

या वेळी दोन्ही तपासण्यांची चिठ्ठी झाकणाच्या आत, तीन स्क्रू काढताच दिसेल अशी चिकटवू का, असे मी नव्या मालकाला विचारले. बराच वेळ यंत्राकडे पाहून तो हो म्हणाला.