मनीप्लांटची कुंडी बदलल्यावर पाणी किती घालावे? माझा अनुभव

आमच्या मनीप्लांटची मुळे कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर डोकावू लागली, तेव्हा गेल्या जुलैमध्ये मी कुंडी बदलायला घेतली. जुनी कुंडी सहा इंचांची होती. वेल भराभर वाढावा म्हणून मी थेट बारा इंचांची प्लास्टिकची कुंडी आणली, ती निम्मी माती आणि निम्मे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घालून भरली आणि झारीभर पाणी दिले.

चौथ्या दिवशी खिडकीच्या गजांवरून खाली सोडलेल्या फांद्यांची पाने मलूल झाली. मला ती तहानच वाटली आणि मी रोज सकाळी पाणी घालत राहिले. कोकोपीटचा वरचा थर सुकून फिकट दिसला तरी आत ओल तशीच असते, हे मला ठाऊक नव्हते. आठवड्याभरात बुंध्याजवळची पाने पिवळी पडली आणि कुंडीभोवती चिलटे दिसू लागली.

बाबा गावी शेती करतात. ते पुण्याला आले तेव्हा त्यांनी मातीत दोन पेरे बोट घातले, ते हुंगले आणि म्हणाले, "अगं, याला वाफसाच आलेला नाही. पाणी बंद कर आधी." वाफसा म्हणजे जादा पाणी निथळून मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, हा शब्द मी केवळ पेरणीच्या बोलण्यात ऐकला होता. मुळांनाही हवा लागते, ती न मिळाल्यास ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे चिखलात उभे असलेले झाडही तहानलेले दिसते. त्यात माझी कुंडी मुळांच्या मानाने फारच मोठी, त्यामुळे त्यांना न पिता येणारे पाणी आत साचून राहिले होते.

आम्ही वेल उपसला. तपकिरी मुळे चिमटीत धरून ओढताच साल निसटून हाती नुसता दोरा राहत होता. तेवढी कापून पांढरी, टणक मुळे ठेवली. आठ इंचांच्या मातीच्या कुंडीत भोकावर खापरी ठेवून, मिश्रणात जाडी वाळू घालून वेल पुन्हा लावला, भोकातून पाणी वाहीपर्यंत एकदाच दिले आणि बशीत साचलेले ओतून टाकले. त्यानंतर अकरा दिवस मी झारीला हात लावला नाही, आणि लोंबणारी पाने पाहत थांबणे मला फार जड गेले. खतही महिनाभर दिले नाही.

आता मी बोट घालून पाहते, शिवाय कुंडी किंचित उचलूनही पाहते. पाणी दिल्यानंतरचे तिचे वजन हाताला इतके ओळखीचे झाले आहे की ती हलकी लागली, तरच झारी भरते.