पदरातली भाकरी

सोमवार, पहाटे साडेचार

आज पाण्याचा दिवस. पाच-सव्वापाचला नळ येईल म्हणून उठले, असं स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे झोप लागलीच नाही.

रात्री बाहेर सगळे मी केलेलं जपानी जेवण जेवत होते आणि आक्का स्वयंपाकघरात दिवा न लावता ओट्याशी उभ्या राहून कडक भाकरी खात होत्या. मी बर्फ न्यायला आत गेले तेव्हा दिसल्या. कडक भाकरी मोडताना कट्ट वाजते, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाते. ती वाजू नये म्हणून त्यांनी ती पदरात गुंडाळली होती आणि पदराच्या आतच मोडत होत्या, हळूहळू, एकेक तुकडा. डाव्या तळहातावर शेंगाचटणी. मी तशीच मागे फिरले. बर्फ राहिलाच.

बाकी सगळं नीट पार पडलं, तेही लिहायला हवं. धाकटे भाऊजी दोनदा भात घेतात म्हणजे आवडलं. शेजारच्या वहिनींनी वांग्याची कृती लिहून नेली. सर नेहमीप्रमाणे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांवर आले. आपल्या सोलापूरच्या भैय्या चौकातल्या त्या घरातला मुलगा 1938 मध्ये चीनला गेला, जपानच्या युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करत 1942 मध्ये तिथेच वारला, आणि आज त्याच गावात आपण जपानी जेवतोय, म्हणाले. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग कुणीतरी भजी मागितली. भिंतीकडची खुर्ची यावेळीही कुणी ओढली नाही.

पण मी पुन्हा त्या ओट्याशीच येतेय.

मला सांगायचं होतं ना त्यांनी. 'मला भाकरी दे' एवढंच. सोळा वर्षं आम्ही दोघी एका ओट्यावर आहोत. माझ्याच घरात माझ्यापासून लपवून खायची वेळ त्यांच्यावर यावी, असं काय केलं मी?

आणि हे सगळं मांडलं होतं ते त्यांनाच धरून. बाकीच्यांना अंडं-मासळी सगळं चालतं. जपानी सूपचा पाया म्हणजे दाशी, ते साधारणपणे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या माशाचे पापुद्रे यांचं करतात. मासा नको म्हणून मी शनिवारी रात्रीच कोम्बू आणि वाळलेली शिताके अळिंबी गार पाण्यात भिजत घातली. कोम्बूवर पांढरी भुकटी असते, ती धुवायची नाही, चव तिच्यात असते. उकळी फुटायच्या आत कोम्बू बाहेर काढायचं, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. मिसोच्या, म्हणजे सूपात घालायच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, काही डब्यांत आधीच माशाचा अर्क घातलेला असतो, म्हणून मोठीला व्हिडिओवर डबा दाखवून मागचं सगळं वाचून घेतलं. ती वाचत होती आणि मी एका कागदावर लिहीत होते: सोयाबीन, तांदूळ, मीठ. बस्स. मे महिन्याचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आक्कांना मी हेही सांगितलं होतं की तिकडच्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी म्हणून स्वयंपाक असतो, त्यात मांस-मासळी नाहीच, कांदा-लसूणही नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे चातुर्मासच की." किती खूश झाल्या होत्या! कोम्बूतूनच 1908 मध्ये इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी ती उमामीची चव शोधली आणि पुढच्या वर्षी तीच पूड करून अजिनोमोटो नावानं विकायला आली, हे सांगितल्यावर तर त्या हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. "चायनीजच्या गाडीवरचं ते? या पाल्यातनं?"

म्हणून तर जास्त लागलं. परकं म्हणून त्या लांब राहिल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. त्या दुपारी एक वाजल्यापासून माझ्याबरोबर होत्या. पालकाच्या गोमाआएसाठी, म्हणजे तिळाच्या कुटात कालवलेल्या पालकासाठी, तीळ त्यांनीच भाजले, मंद आचेवर, तडतडायला लागले की परातीत. खलबत्त्यात अर्धवट कुटले, कारण मी सांगितलं होतं की पार पीठ करायचं नाही, थोडे दाणे दिसले पाहिजेत. पालक एकच मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळून कापायचा. तो पिळायलाही त्यांचेच हात. जपानात जेवणाआधी हात पुसायला ओला गरम टॉवेल देतात म्हटल्यावर त्यांनी ट्रंकेतले आपले चादरवाल्याकडचे कोरे नॅपकिन काढले, भिजवून, पिळून, गुंडाळ्या केल्या आणि इडलीपात्रात वाफवले. आठ गुंडाळ्या, सगळ्या एका मापाच्या. पाहुण्यांनी हातात घेतल्यावर सगळ्यांच्या तोंडून 'अहाहा' निघालं, तेव्हा आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या.

आणि मग जेवायला बसल्यावर त्यांनी चार घास खाल्ले आणि उठल्या. मला वाटलं, पाणी आणायला.

(नळाला अजून नुसतीच हवा येतेय.)

रात्री अंथरुणावर पडल्यावर आधी राग आला. मग रडूही आलं, ते थोडं उगाचच. तीन दिवसांचा शीण होता त्यात. सगळ्यांनी छान म्हटलं आणि ज्यांनी म्हणायला हवं होतं त्या अंधारात उभ्या. मी कुणाला काही खाऊ घालायला जाते तेव्हा असंच होतं, असंही वाटून गेलं. मोठीच्या वेळेलाही. जाऊ दे ते.

साधारण दोन वाजता काठवट आठवली.

सुशीचा भात लाकडाच्या पसरट भांड्यात कालवतात. लाकूड जास्तीचं पाणी शोषून घेतं, भात चिकट राहतो पण गिच्च होत नाही. इंद्रायणी तांदूळ त्याला चांगला चालतो, मुळातच चिकट आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला, अर्धा तास भिजवला. तीन वाट्या तांदळाला अर्ध्या वाटीला जरा कमी तांदळाचं व्हिनेगर, त्यात तीन चमचे साखर, एक चमचा मीठ, विरघळेपर्यंत किंचित कोमट केलेलं. भात गरम असतानाच ते ओतायचं, उलथन्यानं कापल्यासारखं हलवायचं आणि कुणीतरी शेजारी बसून वारा घालायचा, म्हणजे शिताला चकाकी येते. मी परात घेत होते. आक्काच म्हणाल्या, "लाकडाचंच पायजे म्हणतीस ना? मग घे की माझी काठवट." त्यांच्या आईची ती. मधे पीठ मळून मळून खोल झालेली, कडेला एक जुनी चीर, त्यात लाख भरलेली. वाराही त्यांनीच घातला, पेपरची घडी करून.

त्या काठवटीत त्या रोज संध्याकाळी सातला तीन भाकऱ्यांचं पीठ मळतात. गोळी साडेसातची. काल सातला तिच्यात माझा व्हिनेगरचा भात पसरलेला होता. पाहुणे जेवायला बसले साडेनऊला, कारण तेंपुरा, म्हणजे तिकडची भजी, तळून लगेच वाढावा लागतो, आधी करून ठेवला की मऊ पडतो. बर्फाच्या पाण्यात पीठ कालवायचं, चार-पाचच फिरक्या, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. आमच्याकडे होळी झाल्यापासून नळाचं पाणीसुद्धा गरम, त्यामुळे मी सारखी बर्फाच्या मागे. रताळं, भोपळा, भेंडी. हा प्रकार जपान्यांनी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून घेतला, हे मी पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते आणि माझ्या घरातलं एक माणूस गोळी घेऊन दोन तास उपाशी होतं. मी विचारलं नाही. काठवट द्यायला त्या स्वतः पुढे आल्या, पण त्या रात्री भाकरी कशात होणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

ती पदरातली भाकरी मग मला वेगळी दिसायला लागली. नको असतं तर त्या सरळ म्हणाल्या असत्या. आक्का कुणाची भीड ठेवणाऱ्या नाहीत, सरांनाही त्या तोंडावर सांगतात. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पदर धरला, तो पाहुण्यांसमोर माझं ताट हलकं पडू नये म्हणून. दिवा लावला नाही, तोही त्यासाठीच असेल. असेल असं म्हणतेय. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

पुढच्या वेळी मी कडक भाकऱ्यांची दुरडी आणि चटणीची वाटी टेबलावर आधीच ठेवणार आहे, नोरीच्या, म्हणजे सुशीच्या त्या शेवाळाच्या पापडांच्या शेजारी. ज्याला हवी त्यानं मोडावी, वाजली तर वाजू दे. आणि आक्कांचं ताट साडेसातला. आणि भात परातीत.

पाच वाजून दहा मिनिटं

पाणी आलं. आक्का उठल्या. पहिला हंडा भरला, काठवट मोरीत नेली आणि लिंबाची फोड घेऊन घासायला बसल्या. मी शेजारी बादली घेऊन उभी. म्हटलं, आता विचारावं. तोंड उघडलं आणि त्याच बोलल्या, वर न बघता.

"ते पालक बरंच उरलं गं. तीळ जास्त भाजले काय की माझ्याकडनं. कडू लागत होतं का कुणाला?"

रात्रभर त्याही जाग्याच असाव्यात. डोळे तसेच दिसत होते.

"नाही आक्का," मी म्हटलं, "तीळ अगदी बरोबर होते. पालकच मी जास्त केला."

"खरं सांग."

"खरंच."

त्यांनी फ्रीजमधून डबा आणायला सांगितला. तसाच गार पालक बोटानं उचलून तोंडात घातला, डोळे मिटून चावला.

"नाहीत जळलेले," म्हणाल्या, आणि पुन्हा काठवट घासायला लागल्या.