तुम्ही विचारलंत म्हणून: रेझिनचा रणगाडा इतक्या लवकर का मोडतो?

"डायकास्टचा रणगाडा हातातून पडला तरी शाबूत राहतो. रेझिनचा मात्र खोक्यातून काढतानाच नळी तुटते. मग जास्त पैसे मोजून तो घ्यायचा तरी कशाला?" लष्करी गाड्यांची मॉडेल्स नव्यानं जमवू लागलेली मंडळी हे हमखास विचारतात (डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं मॉडेल, नळी म्हणजे तोफेची नळी). तक्रार खरी आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. रेझिन कच्चं नसतं, ते लवत नाही. धातूची नळी दबते, साध्या प्लॅस्टिकची थोडी वाकून परत येते, रेझिनची सरळ मोडते. हा फरक हाताला एकदा कळला की मॉडेल वर्षानुवर्षं टिकतं.

रेझिनचं मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन. दोन द्रव मोजून मिसळायचे, सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतायचे आणि घट्ट झाल्यावर साचा ताणून वस्तू बाहेर काढायची. साचा ताणला जातो म्हणून पोलादी साच्यातून निघणार नाहीत असे बारीक खाचखळगे, हुक, हँडल सगळं एका ओतीत मिळतं. पण रबराचा साचा काही डझन ओतींनंतर फाटायला लागतो. त्यामुळे संख्या कमी आणि किंमत जास्त. मोठे कारखाने ज्यांच्या वाटेला जात नाहीत अशा दुर्मीळ गाड्या रेझिनमध्येच सापडतात त्या याच कारणानं. ज्या बारीकपणासाठी आपण पैसे मोजतो, मोडतो तोही तोच बारीकपणा.

तुटलेल्या नळीचं तोंड एकदा भिंगाखाली धरून बघा. 1:72 मापातल्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या, टायगर या जर्मन रणगाड्याची नळी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते. तुटलेली बाजू काचेच्या तुकड्यासारखी सपाट, कडा धारदार, आणि बऱ्याचदा आत टाचणीच्या टोकाएवढा गोल खड्डा दिसतो. तो हवेचा बुडबुडा. ओतताना आत राहिलेली हवा, किंवा रेझिनला लागलेली ओल. पाण्याशी संयोग झाला की पॉलियुरेथेनमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो आतच अडकतो. चांगले कारागीर ओतलेला साचा दाबाच्या टाकीत ठेवतात, म्हणजे बुडबुडे दबून नाहीसे होतात. जिथे ही काळजी घेतलेली नसते तिथे नळी बाहेरून निर्दोष दिसते, पण आत त्या एका जागी निम्मीच जाड असते.

दुसरं कारण वजनाचं. 1:43 मापातल्या टायगरची हल, म्हणजे रणगाड्याचं मुख्य धड, भरीव असेल तर मॉडेल तीन-चारशे ग्रॅमचं सहज होतं. खोकं आपटलं की हा गोळा पुढे सरकतो. नळीचं टोक थर्माकोलला टेकलेलं असेल तर सगळ्या वजनाचा धक्का त्या टोकावर येतो. म्हणून पॅकिंग करताना नळीला आधार द्यायचा नाही. नळी, अँटेना, आरसे यांच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवायची आणि पकड फक्त हलला द्यायची. लोक नेमकं उलटं करतात, नाजूक भागालाच कापूस गुंडाळतात.

मॉडेल आल्यावर घाई नको. थंडीतून आलं असेल तर खोकं दोन तास खोलीत तसंच राहू द्या, गार रेझिन जास्त ठिसूळ असतं. चिकटपट्टी ओढू नका, कापा. खोकं टेबलावर आडवं ठेवून आतला ट्रे हळूच सरकवत बाहेर घ्या. तुकडे पॅकिंगच्या सांदीकोपऱ्यात सापडतात, त्यामुळे सगळं नीट बघून होईपर्यंत एक कागदही फेकू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा तळ असेल तर उचलायचं ते तळाला धरून, नसेल तर हलच्या खालच्या दोन्ही बाजूंना. टरेटला, म्हणजे नळी बसवलेल्या वरच्या बुरुजाला, धरून कधीच नाही, आणि ते फिरतं का हे फिरवून बघायचं नाही; अनेक मॉडेलांत ते चिकटवलेलंच असतं.

तळाचे स्क्रूही जपून हाताळा. ते रेझिनमध्येच आटे पाडून बसलेले असतात. परत लावताना आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेनं फिरवा. जुन्या आट्यात पडल्याची बारीक टिक जाणवली की मगच आवळा, आणि बोटांना अडकल्यासारखं वाटताच थांबा. एक फेरा जास्त झाला की भोकाभोवती तडा जातो.

मोडलं तर? पहिली चूक म्हणजे तुटलेल्या बाजू घासून साफ करणं. त्या एकमेकींत तंतोतंत बसतात, त्यांना हात लावू नका. प्लॅस्टिक किटचा सिमेंट इथे निरुपयोगी, कारण तो पॉलिस्टायरिन विरघळवून जोडतो आणि रेझिन त्यात विरघळत नाही. लहान हँडल किंवा हुकाला सुपरग्लू पुरतो, पण जेलसारखा घट्ट घ्या आणि सुईच्या टोकानं लावा. पातळ ग्लू रंगावर पसरून चकाकता डाग सोडतो. जोडल्यावर मॉडेल लगेच काचेच्या पेटीत बंद करू नका, ग्लूची वाफ आत कोंडून रंगावर पांढरी धूळ धरते. एक दिवस उघडं राहू द्या.

नळीला नुसता ग्लू पुरत नाही, सुपरग्लूचा सांधा स्वतःच ठिसूळ असतो. तिथे तार घालावी लागते. 0.5 मिमीची पितळी तार, 0.6 मिमीचं ड्रिल बिट आणि हातानं फिरवायचा पिन व्हाइस. मोटरचं ड्रिल नको, त्याच्या उष्णतेनं रेझिन बिटला चिकटतं. सुईनं मधोमध टोचा मारून एका बाजूला चार मिलिमीटर खोल भोक पाडा. तार आत घालून टोक केसाएवढंच बाहेर ठेवा, त्याला रंगाचा ठिपका लावा आणि दोन्ही तुकडे नीट जुळवून टेकवा. ठिपका उमटला तिथे दुसरं भोक. आधी ग्लूशिवाय बसवून नळी समोरून आणि वरून सरळ दिसते का बघा. मग सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी गोंद भरा, कारण पाच मिनिटांवाल्यात सरळ करायला वेळ मिळत नाही. चोवीस तास हलवू नका. घासकाम लागलंच तर पाण्यात वापरायचा घासकागद ओला करून, मास्क लावून. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ नये.

अँटेना मात्र परत जोडत बसू नका. खरी दोन मीटरची अँटेना 1:72 मध्ये 28 मिलिमीटर होते. तिथे ब्रशचा एक नायलॉनचा केस लावा. हात लागला तरी लवतो आणि परत उभा राहतो.

नळी न मोडता वाकली असेल तर ती उष्णतेची करणी. उन्हातली बंद गाडी, खिडकीतलं कपाट, फडताळातला जवळचा दिवा, एवढ्यानंही बारीक भाग मऊ पडतात. हेअर ड्रायरची कमी उष्णता थोडी थोडी देऊन सरळ करा आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. रंग आणि डिकलमुळे (चिकटवलेल्या छापील चिन्हांमुळे) गरम पाणी रंगवलेल्या मॉडेलला नको, ते न रंगवलेल्या सुट्या भागांसाठी. जड हल वर्षानुवर्षं चाकांच्या पातळ दांड्यांवर उभी असेल तर तीही हळूहळू बसते. पोटाखाली दिसणार नाही असा छोटा ठोकळा देऊन भार त्यावर घ्या.

धूळ मऊ ब्रशनं, मुळाकडून टोकाकडे झाडा. नळीला आडवा ब्रश लावला की तिच्या मुळाशी जोर येतो. साठवणीला नरम स्पंज नको, तो काही वर्षांत चिकट होऊन रंगाला धरतो. पॉलिइथिलीनचा फोम चांगला. बबल रॅप थेट रंगावर आला तर गोल ठसे उमटतात, म्हणून मध्ये साधा मऊ कागद घाला.

थ्रीडी छपाईच्या रेझिनची मॉडेल्स वेगळी. ती अतिनील प्रकाशानं घट्ट होतात आणि पुढेही प्रकाशात कडक होत जातात, म्हणून ती आणखी ठिसूळ. त्यांना उजेडापासून दूर ठेवा.

तर घ्यायचं का? खेळायला, हातात फिरवायला हवं असेल तर डायकास्टच घ्या. पण एखादी गाडी फक्त रेझिनमध्येच मिळत असेल तर बिनधास्त घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: एक तळाच्या स्क्रूंचा, दुसरा नळी टरेटला जिथे मिळते त्या जागेचा, जवळून. जुनी डागडुजी बहुधा या दोन ठिकाणी दिसते.